खोटं ‘मिळालं’

तिचं पाळण्यातलं नाव कागदांवर तसंच होतं, पण ते हाक मारायला कुणी वापरत नसे. घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणत. आईनंच ठेवलेलं हे नाव. पाय फुटल्यापासून ही मुलगी एका जागी टिकली नाही. जेवता जेवता उठायची, अभ्यास करताना खोलीभर फिरायची, झोपेतसुद्धा पांघरुणाशी कुस्ती चालू. वय वाढलं तशी पायातली भिंगरी हळूहळू डोक्यात चढली. घराबाहेर पडली की कोपऱ्यापर्यंत जायची आणि कुलूप लागलंय ना, म्हणून परत यायची. ओढून बघायची, निघायची, आणि पुन्हा मनात पाल चुकचुकायची.

तिचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. माणूस असा थंड, की सुई बोटात घुसली तरी आधी दोरा कुठला आहे ते बघेल. तो म्हणायचा, "आपल्याकडे चोर येणार नाही. कुलूपच त्याच्या पाया पडेल, म्हणेल, बाबा रे, ओढू नकोस, आधीच जीव मेटाकुटीला आलाय."

भिंगरी हसायची आणि तरीही परत जाऊन बघायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिनं घेतल्या. आईनं सांगितलं, नसत्या काळज्या करतेस. तिला ते पटायचंही. पण पटणं वेगळं आणि थांबणं वेगळं.

अशा बाईला नोकरी मात्र चपखल मिळाली. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात सर्व्हरची खोली होती, ती तिच्या ताब्यात. वर स्कॅन मशीनमध्ये पेशंटचे फोटो निघत आणि खाली एका मोठ्या सर्व्हरवर साठत. तिथून कुठल्याही वॉर्डातला डॉक्टर ते उघडून बघे. दिवे हिरवे आहेत ना, पंखे फिरताहेत ना, जागा शिल्लक आहे ना, हे दिवसभर बघत फिरायचं तिचं काम. घरी ज्या सवयीला सगळे नावं ठेवत, तिचाच इथे पगार मिळत होता.

तर एका सकाळी वरून फोन आला. स्कॅन विभागात एक जुनी जाणती बाई होती, सगळं इस्पितळ तिला मावशी म्हणायचं. मशीन चालवायची तीच. आवाज कायम चढा, पण पेशंटशी बोलताना मऊ व्हायची.

"अगं, फोटो जात नाहीयेत," मावशी म्हणाली.

"जात नाहीयेत की हळू जाताहेत?"

"गोगलगाय बरी. एक स्कॅन खाली उतरेपर्यंत माझा चहा निवतो."

भिंगरी जिने चढून वर गेली. लिफ्टची वाट बघणं तिला कधी जमलंच नाही. मशीनचा हिशोब साधा होता. एका स्कॅनमध्ये शरीराचे शेकडो पातळ काप निघत, प्रत्येक कापाची वेगळी फाइल. मशीनच्या स्वतःच्या पोटात जागा थोडी. फाइल सर्व्हरकडे गेली आणि सर्व्हरनं ‘मिळालं’ असा निरोप पाठवला, की मशीन आपल्याकडची प्रत पुसून टाकी आणि पुढच्या पेशंटला जागा करी. आता ते ‘मिळालं’च उशिरा येत होतं. मशीनचं पोट भरलेलं आणि बाहेर बाकांवर माणसं ताटकळलेली. एका बाईनं उपाशीपोटी यायचं म्हणून पहाटेपासून पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

"कधी होईल?" तिनं भिंगरीलाच विचारलं.

"बघते," भिंगरी म्हणाली आणि तिच्या नजरेला नजर न देता खाली पळाली.

पहिला संशय नेटवर्कवर. ते सांभाळणारा माणूस होता, त्याला सगळे तारवाला म्हणत. त्यानं केबल बदलली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, छताच्या फळ्या काढून आत डोकं घालून आला. केसांत धूळ आणि हातात जुनी केबल घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला.

"माझ्याकडून वाट मोकळी आहे," तो म्हणाला. "तुला खोटं वाटत असेल तर जुना एखादा स्कॅन उघड."

तिनं उघडला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच फोटो समोर. दुसरा उघडला, तोही तसाच. म्हणजे सर्व्हरवरून वाचायला काही अडचण नव्हती, गाडी अडत होती ती लिहिताना. मग तिनं सर्व्हरसमोर बसूनच, नेटवर्कला हात न लावता, फाइलींचा एक गठ्ठा दुसऱ्या जागी उतरवून पाहिला. तोही रखडला. तारवाला शेजारी उभा राहून बघत होता.

"सुटलो बाबा," तो म्हणाला. पण गेला नाही. खुर्ची ओढून बसला. "आता घोडं नेमकं पेंड कुठे खातंय?"

तेच तर कळत नव्हतं. जागा कमी झाली असेल म्हणून तिनं तात्पुरत्या फाइलींचे जुने ढीग साफ केले. जागा झाली, वेग आला नाही. एखादी डिस्क मरायला टेकली असेल म्हणून एकेक तपासली. सगळ्या ठणठणीत, सगळे दिवे हिरवे. ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला त्या कंपनीला फोन लावला, तर पलीकडचा माणूस उंटावरून शेळ्या हाकत होता. बंद करून चालू केलात का, केबल बघितलीत का, नेटवर्कवाल्यांना विचारलंत का. तारवाल्यानं ते ऐकून कपाळाला हात लावला.

या सगळ्यात दिवस गेले. भिंगरीचं जेवण उभ्या उभ्या होऊ लागलं. घरी भांडी घासता घासता ती मध्येच थांबायची आणि नळ तसाच वाहत राहायचा. आई येऊन नळ बंद करायची.

शेवटी तारवालाच म्हणाला, "डिस्क चांगल्या, तार चांगली. मग मधलं कार्ड?"

डिस्क आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक कार्ड असतं. आलेली फाइल ते आधी आपल्या छोट्या मेमरीत ठेवतं, लगेच ‘मिळालं’ म्हणून कळवतं आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवतं. म्हणून काम झपाझप होतं. मध्येच वीज गेली तर मेमरीतलं पुसलं जाऊ नये म्हणून त्या कार्डाला स्वतःची बॅटरी असते. भिंगरीनं संगणकावर कार्डाची माहिती दाखवणारा पडदा उघडला. तिथे साध्या अक्षरांत लिहिलं होतं की लिहिण्याची मेमरी बंद आहे. कारण, बॅटरी निकामी.

व्यवस्थापकांकडून थोडा वेळ मागून तिनं सर्व्हर बंद केला आणि झाकण उघडलं. बॅटरी उशीसारखी फुगली होती, कडा उसवायच्या बेतात.

"बाई गं," तारवाला हळूच म्हणाला.

म्हणजे कार्ड बिघडलं नव्हतंच. उलट शहाण्यासारखं वागत होतं. बॅटरीचा भरवसा राहिला नाही म्हणून त्यानं उधारीचं बोलणं बंद केलं होतं. प्रत्येक कापाची फाइल डिस्कवर पक्की उतरल्यावरच ‘मिळालं’ म्हणत होतं. शेकडो काप, शेकडो वेळा थांबणं. भिंगरीनं फुगलेली बॅटरी जपून काढून वेगळी ठेवली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. कारण सापडल्यावर माणसाला हायसं वाटतं म्हणतात. तिलाही वाटलं, पण ते जिना चढेपर्यंतच टिकलं.

कारण तसली बॅटरी आता सहज मिळत नव्हती. कार्ड जुनं, कुठल्याशा लांबच्या गोदामातून मागवावी लागणार, आणि कधी येईल ते सांगायला कुणी तयार नव्हतं.

व्यवस्थापक हा तसा भला माणूस. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून त्याचे खांदे वाकले होते. त्यानं विचारलं, "तोपर्यंत काहीच करता येणार नाही?"

इथे भिंगरी खोटं बोलू शकली असती. पण ती म्हणाली, "एक करता येतं. बॅटरी नसली तरी मेमरी वापर, असं कार्डाला सांगता येतं. वेग परत येईल. पण वीज गेली तर जे मेमरीत असेल ते गेलं. आणि मशीननं तर ‘मिळालं’ ऐकून आपली प्रत पुसलेली असणार."

"आपल्याकडे वीज गेल्यावर बॅकअप आहे ना? खोलीभर बॅटऱ्या घेऊन ठेवल्यात."

"आहे. पण भिंतीतल्या विजेपुरता. सर्व्हरच बसला, आतलं काही जळलं, कुणाचा पाय वायरीत अडकला, तर त्याचा काय उपयोग? आणि तो बॅकअप खरंच वेळेवर उचलतो का, हे आपण कधी पाहिलंय?"

"मॅडम," तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "काल एक आजोबा बाकावर बसून बसून चक्कर येऊन पडले. तुमची भीती ही ‘झालं तर’ची आहे. हे तर रोज होतंय. करा चालू."

ती खाली गेली. कार्डानं विचारलं, नक्की ना? तिनं ‘हो’ दाबलं.

आणि वरचं जग बदललं. फोटो सरासर उतरू लागले. बाकं रिकामी झाली. मावशीनं खास फोन करून सांगितलं, "हात सोन्याचे आहेत गं तुझे." व्यवस्थापक वाटेत भेटला की हसायचा. तारवाल्याला सगळं ठाऊक होतं, पण तो सुट्टी घेऊन गावाला गेला होता. त्यामुळे वर पडद्यावर येणारं प्रत्येक ‘मिळालं’ अर्धं खोटं आहे, हे त्या इमारतीत रोज मनात घोळवणारी ती एकटीच उरली.

तिचं बूड खुर्चीला लागेना. ट्यूबलाइट लुकलुकली की ती उठून उभी. इमारतीत वायरिंगचं काम निघालं होतं. शिडी घेतलेला वायरमन दिसला की ती त्याच्या मागोमाग, आज कुठली बाजू, कुठला बोर्ड, काही बंद करणार असाल तर आधी मला सांगा. वायरमन वैतागला. "बाई, पंखा लावतोय, धरण फोडत नाहीये." सर्व्हरच्या मागची वायर तिनं चिकटपट्टीनं बांधली, मग ती पट्टी धरते का ते ओढून पाहिलं, आणि आपणच ओढतोय हे लक्षात येताच झटकन हात मागे घेतला.

सगळ्यात वाईट हे, की तिला स्वतःवरच भरवसा नव्हता. जन्मभर तिनं नसते लांडगे पाहिले होते. लांडगा आला म्हणून इतक्यांदा ओरडली, की आता खरंच झुडूप हललं तरी तिला वाटायचं, हे आपलंच नेहमीचं असेल. साहेब म्हणतात ते बरोबर असेल. आजोबा पडले, हे खरं होतं. वीज मात्र गेली नव्हती.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवऱ्यानं टेबलावर एक जुनं शिवणयंत्र उघडून ठेवलं होतं. ती त्याच्याभोवती फेऱ्या मारू लागली.

"काय झालंय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता आई ऐकत होती.

"माझं हे नेहमीचंच आहे, माहीत आहे मला," भिंगरी शेवटी म्हणाली. "कुलपासारखं."

नवऱ्यानं पेचकस खाली ठेवला. तेल लागलेली बोटं फडक्याला पुसली.

"कुलपासारखं नाही," तो म्हणाला. "कुलूप लावलं की नाही हे तुला आठवत नसतं, म्हणून तू परत जातेस. इथे तर कुलूप लावलेलं नाही हे तुला पक्कं माहीत आहे. उघडं दार बघून ज्याला झोप येत नाही, त्याला आजारी कोण म्हणेल?"

भिंगरी फिरायची थांबली.

"साहेबांना सांगितलंय मी."

"साहेबांना सांगितलंस. ज्यांचे फोटो आहेत त्यांना?" आईनं विचारलं. मग जणू काही बोललीच नाही अशा थाटात पालेभाजीचे देठ मोडू लागली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी तळघरात गेलीच नाही, सरळ स्कॅन विभागात गेली. मावशी एका पेशंटची उशी सारखी करत होती. तिचं काम होईपर्यंत भिंगरी दारात उभी राहिली, म्हणजे आपली या पायावरून त्या पायावर.

"मावशी, तुमच्या पडद्यावर ‘मिळालं’ येतं ना, ते पूर्ण खरं नाही."

तिनं कार्ड, बॅटरी, मेमरी सगळं साध्या शब्दांत सांगितलं. मावशीचा चेहरा बदलत गेला.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"चुकलंच."

"मी माणसांना सांगते, झालं हो तुमचं, जा आता घरी. माझ्या तोंडून सांगते मी ते." मावशी चिडली होती, पण पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून. "इथे परवा एक मुलगी आली होती, पाठीच्या दुखण्याची. तिला आडवं करायला आम्ही चार माणसं लागलो. दात-ओठ खात पडून राहिली बिचारी. तिला फोन करून सांगू का मी, की बाई, पुन्हा ये, आमच्याकडून हरवलं?"

भिंगरीनं नकारार्थी मान हलवली.

"चल," मावशी म्हणाली.

व्यवस्थापकासमोर मावशीनं खुर्चीवर बसायलाही नकार दिला. "साहेब, हळू चालेल. मला हळू द्या, पण खरं द्या."

"आणि रांग?" त्यानं विचारलं. "बाकावर पडणारे आजोबा?"

हा प्रश्न रास्त होता. मग मावशीच म्हणाली की जास्त कापांचे मोठे स्कॅन सगळे सकाळीच घेतो म्हणून मशीनचं पोट भरतं. मोठ्यामागे एक छोटा घेतला तर मधल्या वेळात फाइली उतरतील. भिंगरी म्हणाली की वॉर्डांना जेवढी गरज आहे त्याहून कितीतरी जास्त पातळ काप आपण सवयीनं पाठवतो. डॉक्टरांनी हो म्हटलं तर काही तपासण्यांत ते कमी करता येतील. व्यवस्थापकानं दोघींकडे पाहिलं.

"ठीक आहे. पण लोकांना उत्तरं तुम्ही द्यायची. मी नाही."

भिंगरीनं खाली जाऊन मेमरी बंद केली. जे आत होतं ते सगळं डिस्कवर उतरेपर्यंत ती पडद्यासमोर उभी होती, आणि उतरल्यावरही काही वेळ तशीच उभी राहिली. मग वर गेली.

पुढचे दिवस सोपे गेले असं नाही. बाकं पुन्हा भरली. पूर्वीइतकी नाही, पण भरली. आता भिंगरीचा अर्धा दिवस वरच्या बोळात जाऊ लागला. एका बाकापासून दुसऱ्या बाकाकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. तुमचा नंबर याच्यानंतर, तुम्ही जाऊन पाणी पिऊन या, तुम्ही नका पिऊ. फोटो जपून ठेवायला वेळ लागतोय, म्हणून उशीर. काही लोक समजून घ्यायचे. एक गृहस्थ म्हणाले, "जपून ठेवायचं तुमचं काम, त्याचा त्रास आम्हाला का?" त्यांचंही खोटं नव्हतं. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या बाकाकडे जायची. एका जागी उभं राहून शिव्या खाण्यापेक्षा चालत चालत खाल्लेल्या बऱ्या.

आणि मग एका दुपारी वीज खरोखरच गेली. वायरमननं कुठला तरी बोर्ड उघडला होता. बोळातले दिवे विझले, पंखे मंदावत थांबले. भिंगरी जिन्यावर होती. ती धावत खाली आली, तर सर्व्हर आपला शांतपणे गुणगुणत होता. बॅकअपनं क्षणभरही न दवडता भार उचलला होता. त्याचा एकही दिवा कमी-जास्त झाला नव्हता.

थोड्या वेळानं व्यवस्थापकही धापा टाकत खाली आला. दोघं हिरव्या दिव्यांकडे बघत उभे राहिले.

"टिकला की," तो म्हणाला.

"टिकला," भिंगरी म्हणाली.

म्हणजे मेमरी तशीच चालू ठेवली असती तरी काही बिघडलं नसतं. इतके दिवस लोकांना बसवून ठेवलं ते कशासाठी, असं तो म्हणेल, याची ती वाट बघत होती. तो म्हणाला नाही. जाता जाता दारात थांबून त्यानं एवढंच विचारलं, "बॅटरीचं काही कळलं का?"

त्या रात्री ती नीट झोपली, असं आई नंतर सगळ्यांना सांगायची. भिंगरीचं म्हणणं, आईला काय कळतंय, आई स्वतःच घोरत होती.

बॅटरी आली ती एका ओबडधोबड खोक्यातून, कागदाच्या चिंध्यांत गुंडाळलेली. गावाहून परतलेला तारवाला टॉर्च धरून उभा राहिला आणि भिंगरीनं ती बसवली. पण कार्ड लगेच विश्वास ठेवायला तयार नव्हतं. बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय ते मेमरी वापरणार नव्हतं. तारवाल्यानं विचारलं, "आता?"

"आता थांबायचं," भिंगरी म्हणाली आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागली. तारवाला थोडा वेळ तिच्याकडे बघत बसला, मग त्याची मान दुखायला लागली तसा चहा आणायला गेला.

दुपार कलल्यावर कार्डानं आपणहून मेमरी चालू केली. तिनं वर फोन लावला. मावशीनं तेव्हाच एक मोठा स्कॅन संपवला होता.

"पाठवा," भिंगरी म्हणाली.

पलीकडे मावशीचा श्वास ऐकू येत होता. बटणाचा आवाज आला.

"गेले," मावशी म्हणाली.

"सगळे?"

"सगळे गं. आणि हे बघ, आता उद्यापासून तू काही बोळात येणार नाहीस. लोक मला विचारतात, त्या फिरणाऱ्या बाई कुठे आहेत, आमचा नंबर त्याच सांगतात. आता त्यांना मी काय सांगू?"

"सांगा, येते म्हणून," भिंगरी म्हणाली. फोन ठेवून तिनं कार्डाचा पडदा एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, आणि तारवाला दोन कप घेऊन दारात दिसला तेव्हा ती तिसऱ्यांदा बघत होती.